काळाचा आरसा

पाण्यात तिरपी बुडवलेली काठी मोडल्यासारखी का दिसते, हे आपण सर्वांनी शाळेत शिकलेले असते. पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग मंदावतो, त्याची तरंगलांबी आखूड होते, काही अंश पृष्ठभागावरूनच परततो. कंपनसंख्या मात्र तीच राहते. येथे हवा व पाणी यांमधील सीमा जागेची आहे. ती काळाची असती तर? म्हणजे लहर वाटेत असतानाच सारे माध्यम एका क्षणात, सर्वत्र एकदम पालटले तर?

प्रश्न विक्षिप्त वाटेल. पण फ्रेडरिक मॉर्गेनथेलर यांनी १९५८ मध्येच त्याचे गणित मांडले होते. उत्तर नेमके उलटे येते. तरंगलांबी कायम राहते, कंपनसंख्या बदलते, आणि लहरीचा काही अंश आल्या वाटेने माघारी वळतो. हे माघारी वळणेही निराळेच. डोंगरावरून येणाऱ्या प्रतिध्वनीत आधी उच्चारलेला शब्द आधी परततो. येथे शेवटचा भाग प्रथम येतो, टेपरेकॉर्डरची फीत उलटी फिरवावी तसा.

अडचण आहे ती वेगाची. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावेत; त्यांतील जेमतेम दोन भागांत दृश्य प्रकाशाचे एक कंपन पुरे होते. तेवढ्यात पदार्थ पालटायचा कसा? म्हणून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत आंद्रेआ आलू यांच्या गटाने कितीतरी संथ अशा रेडिओलहरींचा आश्रय घेतला. सुमारे ६ मीटर लांबीची नागमोडी धातुपट्टी, तिला जागोजाग जोडलेले स्विच आणि कपॅसिटर. संकेत पट्टीतून जात असतानाच सारे स्विच एकदम चालवले, आणि त्याची उलट्या क्रमातील प्रत परत आली. हा प्रयोग २०२३ मध्ये ‘नेचर फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

यावरून कोणी ‘काळ मागे फिरवला’ म्हणू लागल्यास आम्हांस ते मान्य नाही. प्रयोगशाळेतले घड्याळ पुढेच चालत होते. उलटला तो लहरीचा क्रम. शिवाय अशा पालटात लहरीची ऊर्जा पूर्वीइतकीच राहते असे नाही. तीत पडणारी भर वा घट माध्यम पालटणाऱ्या यंत्रणेच्या खात्यावर मांडावी लागते. फुकट काहीच मिळत नाही.

प्रकाशाच्या बाबतीतही वाट अगदीच बंद नाही. त्याच वर्षी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात इंडियम टिन ऑक्साइडच्या पातळ थरावर (मोबाइलच्या पडद्यावर वापरतात तोच हा पदार्थ) लेसरचे दोन स्पंद लागोपाठ टाकून तो क्षणभर, दोनदा, आरशासारखा करण्यात आला. यंगच्या जुन्या प्रयोगात दोन फटी जागेत होत्या, येथे त्या काळात होत्या. व्यतिकरणाचे पट्टे उमटले तेही पडद्यावरील जागेत नव्हे, तर प्रकाशाच्या कंपनसंख्यांत. तो थर अपेक्षेपेक्षा बराच शीघ्र पालटतो, हेही त्या पट्ट्यांवरूनच कळले.