खांदेरीची सहल ठरवताय? आधी तिथी बघा, मग गाडी काढा

पळसदरी : पावसाळा संपला की कर्जत-खालापूरकडची मंडळी समुद्राकडे निघतात. बहुतेक जण अलिबागच्या किनाऱ्यावर दोन तास बसून, भजी खाऊन परत येतात. थळसमोरचं खांदेरी बेट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलंय.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले दोन आपल्या रायगड जिल्ह्यातले आहेत, रायगड आणि खांदेरी. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारींकडे होतं. मुंबईच्या इंग्रजांनी आरमार आणून बेटाची कोंडी केली, पण बांधकाम थांबलं नाही. शेवटी इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. सिद्दीने मग शेजारचं उंदेरी बेट धरलं. खांदेरीवर 1867 सालचं दीपगृह आहे आणि कोळी बांधवांचं श्रद्धास्थान असलेलं वेताळाचं मंदिरही आहे.

आपल्याकडचं पाणी वेगळं, समुद्राचं वेगळं

आपल्याकडे ओढ्याला पाणी चढतं ते वर पाऊस झाला की. आभाळ मोकळं असलं की आपण निर्धास्त. समुद्राचं तसं नाही. तिथे लख्ख उन्हात, वारा नसतानाही पाणी चढतं. घाटाखालची माणसं फसतात ती इथेच. कोरड्या वाळूवर गाडी लावून फिरायला जातात आणि येऊन बघतात तर चाकं पाण्यात. कुलाबा किल्ल्यात चालत गेलेले लोक परतीची वाट पाण्याखाली गेल्यामुळे अडकतात. म्हणून सहलीचं वेळापत्रक घड्याळावर न ठरवता भरती-ओहोटीवर ठरवा.

तिथीचा हिशोब

कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी, आणखी सहा तासांनी पुन्हा भरती.

- पंचमी : पाच पाऊणे पावणेचार. भरती पावणेचारला, ओहोटी सकाळी पावणेदहाच्या सुमारास.
- अष्टमी : भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला.
- एकादशी : भरती सकाळी सव्वाआठला, ओहोटी दुपारी सव्वादोनला.

हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे निघण्याआधी फोनवर अलिबाग किंवा मुंबईचं त्या तारखेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच.

आणखी एक गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी कमी चढतं आणि पुरतं उतरतही नाही. अष्टमीला दुपारी बाराची ओहोटी सोयीची वाटते खरी, पण कुलाब्याच्या वाटेवर पाणी राहू शकतं.

एका दिवसाचा बेत

या हिशोबाने तृतीया ते पंचमी हे दिवस बरे. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, दोन्ही चालतील. पंचमीचा बेत असा बसतो :

सकाळी सहाला पळसदरी सोडा. खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड करत अलिबाग. अडीच तास धरा. शनिवार-रविवारी वडखळला गाड्या तुंबतात, शक्यतो मधला वार निवडा.

पावणेनऊ-नऊला कुलाबा किल्ल्याकडे निघा. पाणी उतरत असताना जायचं आणि ओहोटी पूर्ण झाली की परत फिरायचं. पाणी वळल्यावर पहिल्या तासात हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात झपाट्याने. "अजून वेळ आहे" असं वाटतं ते त्या पहिल्या तासामुळेच. वाटेवर पाणी दिसलं तर घोडागाडी विचारा, नाहीतर बेत सोडा.

जेवून एकच्या सुमारास वरसोलीवरून थळला या. आता पाणी चढतं असतं. होडी आयत्या वेळी मिळेलच असं नाही, म्हणून आदल्या दिवशीच चौकशी करा. बेटावर उतरता येईल का, माणशी किती, परत कधी आणणार, हे तिन्ही आधी ठरवा. प्रत्येकाला लाइफ जॅकेट मागा. तांडेल नको म्हणाला तर हुज्जत घालू नका, त्याला पाणी कळतं. जाऊन-येऊन तीन तास तरी हाताशी ठेवा. बेटावर पुरेल एवढं प्यायचं पाणी बरोबर न्या.

होडी नाही मिळाली तरी दिवस फुकट जात नाही. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी दोन्ही दिसतात. तिथून उत्तरेला किहीम, आवास, सासवणे, मांडवा असा रस्ता आहे. तो सगळीकडे समुद्राला लागून नाही, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो आणि किनारा बघायला गावात वळावं लागतं. सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांचं संग्रहालय आहे. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडवला.

हे विसरू नका

- जून ते सप्टेंबर बेटाचा विचारही नको.
- गाडी वाळूत उतरवू नका, गावातल्या वाहनतळावर ठेवा.
- लहान मुलं आणि पोहता न येणारे गुडघ्याच्या वर पाण्यात नकोत. तलावात पोहणाऱ्यांनीही समुद्रात जोर दाखवू नये, ओहोटीचं पाणी आत ओढतं.
- अंधारात कार्लेखिंड आणि पुढचा रस्ता जपून. साडेसहाला परत निघालात तर नऊ-साडेनऊला घरी.

कॅलेंडर घरात भिंतीवर आहेच. सुट्टी कधी आहे ते बघताना त्याच चौकटीतली तिथीही बघा.