सैरंध्रीचें अरण्य

सह्याद्रीची रांग आपल्या महाराष्ट्राच्या सीमेवर संपत नाहीं. गोमांतक व कर्नाटक ओलांडून ती केरळांत उतरते, आणि तेथें पालक्काड जिल्ह्यांत, निलगिरीच्या नैर्ऋत्य कडेस, एक खोल व निर्मनुष्य खोरें आहे. इंग्रजींत त्यास सायलेंट व्हॅली म्हणतात. तेथील लोकांच्या तोंडीं त्याचें जुनें नांव सैरंध्रीवन. त्यांतून वाहणारी नदी ती कुंतिपुळ. मलयाळम् भाषेंत ‘पुळ’ म्हणजे नदी. वनवासी पांडव या बाजूस आले होते अशी लोकसमजूत आहे. इंग्रजी नांवाची उपपत्ति मात्र नाना प्रकारें सांगतात. कोणी म्हणतात, या वनांत झाडांवर किरकिरणारे कीटक नाहींत म्हणून तें निःशब्द. कोणी म्हणतात, साहेबाच्या जिभेस सैरंध्री हा शब्द वळेना, त्याचें हें रूप झालें. दुसरी उपपत्ति आम्हांस अधिक रुचते. ज्यांनीं मुंबईचें बॉम्बे व खडकीचें किर्की केलें, त्यांना सैरंध्रीचें सायलेंट करणें कितीसें अवघड?

या खोऱ्याच्या दक्षिण तोंडाशीं नदी अरुंद घळींतून सपाटीकडे धांव घेते. धरणास सोयीची अशी ही जागा इंग्रजी अमदानींत १९२८-२९ च्या सुमारासच हेरून ठेविलेली होती. केरळ राज्य झाल्यावर वीज मंडळानें ती योजना पुन्हां हातीं घेतली, व १९७३ सालीं नियोजन आयोगानें तिला संमति दिली. सुमारें १३० मीटर उंचीचें धरण, पहिल्या टप्प्यांत १२० मेगावॉट वीज, आणि पायथ्याच्या सुमारें १०,००० हेक्टर शेतीस पाणी, असा तो संकल्प होता. मलबारचा भाग विजेच्या बाबतींत मागासलेला. कारखाने थोडे, हातांना काम थोडें. अशा ठिकाणीं धरण मागणारा मनुष्य कांहीं अरण्याचा वैरी नव्हे. ही गोष्ट आम्ही आधींच सांगून ठेवितों, कारण अरण्याची बाजू घेऊन लिहिणाऱ्या पुष्कळांस तिचा विसर पडतो.

बुडणारें अरण्य सुमारें ८३० हेक्टर. एकंदर अरण्य ८,९०० हेक्टरांवर. म्हणजे दहावा हिस्साही नाहीं! धरणाच्या कैवाऱ्यांचा सारा भर या एका अपूर्णांकावर होता. आम्हीं आयुष्यभर मुलांना अपूर्णांक शिकविले, तेव्हां एवढें सांगण्याचा अधिकार आम्हांस असावा कीं, अंश कोणत्या जागचा हें पाहिल्यावांचून त्याची किंमत ठरत नाहीं. मनुष्याचें हृदय त्याच्या वजनाच्या शतांशाहूनही कमी भरतें. येथें पाण्याखालीं जाणार होता तो नदीकांठचा तळ, म्हणजे अरण्याचा सर्वांत दाट व सकस भाग. शिवाय धरण कांहीं एका रात्रींत उभें राहत नाहीं. वर्षानुवर्षें हजारों मजूर, त्यांच्या चुलींस सर्पण, मालमोटारींचे रस्ते, आणि त्या रस्त्यांनीं मागाहून येणारे लांकूडचोर, यांचा हिशेब त्या दहाव्या हिश्शांत कोठेंच नव्हता.

या वनांत सिंहपुच्छ वानर राहतो. काळें अंग, मुखाभोंवतीं रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोंकास सिंहासारखा गोंडा. हा प्राणी सह्याद्रीच्या दक्षिण भागावांचून जगांत कोठेंही मूळचा नाहीं. तो बहुतेक आयुष्य झाडांच्या माथ्यावरच काढतो, आणि क्युलेनिया नांवाच्या वृक्षाच्या फुलाफळांवर त्याचा फार मोठा निर्वाह असतो. झाडांची सलगता तुटली कीं त्याचें जग तुटलें. धरणवाद्यांनीं अर्थातच विचारलें, ‘तुम्हांस माणसें प्रिय कीं माकडें?’ हा प्रश्न सभेंत टाळ्या घेणारा खरा. पण माकड हें येथें केवळ अरण्याच्या प्रकृतीची नाडी होतें. नाडी पाहणाऱ्या वैद्यास कोणी ‘तुम्हांला रोगी प्रिय कीं मनगट?’ असें विचारीत नाहीं.

येथें आम्हांस मुळशीची आठवण होते. १९२१ सालीं सेनापति बापट प्रभृतींनीं तेथें धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हां मावळ्यांची भातखाचरें व घरें बुडत होतीं. रडणारीं माणसें समोर होतीं. सैरंध्रीवनांत एकही गांव बुडत नव्हतें. कोणाचें देऊळ नाहीं, कोणाची विहीर नाहीं, नुकसानभरपाई मागणारा एक अर्जदार नाहीं. ज्याच्या वतीनें बोलावयाचें तो पक्षकारच मुका. अशा वेळीं बोलावें कोणी?

आम्हांस अभिमान वाटतो कीं, जे बोलले त्यांत शिक्षक पुष्कळ होते. १९६२ सालीं स्थापन झालेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेनें हा प्रश्न गांवोगांवीं नेला. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक एम. के. प्रसाद यांनीं त्यावर लेख लिहून प्रथम लोकांस जागें केलें. परिषदेनें नुसता शोक केला नाहीं. १९७९ सालीं तिनें विजेचा, शेतीचा व अरण्याचा एकत्र हिशेब मांडणारा अहवाल काढला, आणि मलबारची गरज दुसऱ्या मार्गांनींही भागवितां येईल असें दाखविण्याचा यत्न केला. कवयित्री सुगतकुमारी व त्यांचे सहकारी सभांतून कविता म्हणूं लागले, तेव्हां त्यांची ‘झाडांचे कवि’ म्हणून हेटाळणी झाली. इकडे मुंबईहून पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनींही धरणाविरुद्ध आवाज उठविला.

सरकारी बाजू मात्र फार दिवस ढळली नाहीं. जफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटानें योजना सोडून द्यावी असें सुचविलें; परंतु सोडणें अगदींच अशक्य असेल तर पाळावयाच्या सतरा अटीही जोडल्या. झालें! राज्य सरकारनें सल्ला बाजूस ठेवून अटी तेवढ्या उचलल्या. जो रोगी आधींच पथ्याची यादी मागतो, त्यानें कुपथ्य करण्याचें ठरविलेलेंच असतें. मोरारजी देसाई यांच्या केंद्र सरकारनें विरोधकांची विनंति अमान्य केली; राज्यांतील बहुतेक सर्व पक्ष धरणाकडे होते. तज्ज्ञांपैकीं डॉ. स्वामिनाथन् यांनीं १९७९ सालीं अरण्य राखण्याच्या बाजूनें मत दिलें. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयांत गेलें. कांहीं काळ कामास मनाई झाली, पण १९८० च्या जानेवारींत अर्ज फेटाळले गेले. सरकारनें सर्व बाजूंचा विचार केला आहे, त्या विचाराचें तोलमाप करणें हें आमचें काम नव्हे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

त्यानंतर पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या कारकीर्दींत काम थांबवून पदार्थविज्ञानवेत्ते एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालीं केंद्र व राज्य यांची संयुक्त समिति बसली. तींत आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ हेही सभासद होते. समितीचा अहवाल आला, व १९८३ च्या नोव्हेंबरांत योजना सोडण्यांत आली. १५ नोव्हेंबर १९८४ रोजीं, म्हणजे इंदिराजींच्या हत्येनंतर अवघ्या पंधरवड्यानें, ८९.५२ चौरस किलोमीटर अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालें. पुढील वर्षीं राजीव गांधी यांनीं त्याचें उद्‌घाटन केलें.

वाद तेथेंच मिटला म्हणावें तर तसेंही नाहीं. नव्या शतकाच्या आरंभीं त्याच नदीवर थोडें खालीं, पात्रकडवू येथें, ७० मेगावॉटची दुसरी योजना पुढें आली. तिलाही विरोध झाला. २००७ सालीं उद्यानाभोंवतीं १४८ चौरस किलोमीटरांचा संरक्षक पट्टा आखण्यांत आला.

दक्षिणयात्रेस निघणाऱ्या कुटुंबांस हें अरण्य पाहतां येतें. मन्नारक्काडहून मुक्काळीस जावें. तेथून पुढें स्वतःची मोटार नेऊं देत नाहींत, वनखात्याच्या गाडीनें सुमारें २३ किलोमीटर जावें लागतें. रस्ता संपतो तें ठिकाण म्हणजेच सैरंध्री. तेथें धरणाऐवजीं एक टेहळणीचा मनोरा आहे, आणि खालीं कुंतिपुळ वाहते.