रीळ गेलेलं नसतं, पॉल गेलेला असतो

“रीळ गेलं.” पावसाळा सरला की मरळीच्या मागे लागलेल्या नागपुरी हौशी गळकऱ्यांकडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. बेटकास्टिंग रीळ म्हणजे रॉडच्या वर आडवं बसणारं, आमिष फेकताना ज्याचं दोरा गुंडाळलेलं स्पूल गरगर फिरतं ते. त्याचं लाइन-गाइड, म्हणजे दोरा स्पूलवर सारखा पसरवणारा भाग, एका टोकाला अडकलेलं असतं, दोरा तिथेच ढिगाने साचतो आणि मालक नव्या रिळाच्या किमती विचारत सुटतो. थांबा, आधी गाइडची छोटी टोपी काढून पाहा.

आत नखाएवढा पॉल असतो. आडव्यातिडव्या खाचांच्या दांड्यावर, म्हणजे वर्म शाफ्टवर, त्याचं टोक धावतं आणि गाइड इकडून तिकडे फिरतं. बहुतेक रिळांत हा पॉल दांड्यापेक्षा मऊ धातूचा केलेला असतो, कारण झिजायचंच तर स्वस्त तुकड्याने झिजावं. टोक सुरीसारखं पातळ झालं की खाच सुटते. जुना काढा, सोबतचं पातळ वॉशर जपून ठेवा, नवा बसवा. मग हँडल अगदी हळू फिरवत टोपी बोटानेच आवळा, म्हणजे पॉल खाचेत नीट बसतो. जोर लावलात तर टोक मोडेल. दांड्याच्या खाचांना धार आली असेल तर मात्र तोही बदलावा लागतो, नाहीतर नवा पॉलही खरवडला जातो. नागपूरच्या मे महिन्यातली धूळ जाड ग्रीसवर चिकटली की तिचा पॉलिश-पेपर होतो. म्हणून हा दांडा ब्रशने साफ करावा, त्याला पातळ तेलाचा थेंब पुरतो.

“कारखान्यात जुळवलेलं यंत्र, घरी उघडू नये” हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. अमेरिकेतल्या केंटकीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं रीळ घडवणारा जॉर्ज स्नायडर घड्याळजी होता. स्वीडनमधली आबू ही कंपनी 1921 साली घड्याळांसाठीच सुरू झाली, पुढे टॅक्सीचे मीटर करू लागली आणि नंतर रिळांकडे वळली. तिच्या 1952 च्या अँबॅसडर रिळाची बाजू बोटांनी फिरवायच्या तीन स्क्रूंनी उघडते. मालकाने ते उघडावं, म्हणूनच ही सोय आहे.

तेलाबद्दलचा घोळ मोठा आहे. डब्ल्यूडी-40 हे मुळात पाणी हटवणारं द्रव्य, नावातलं ‘डब्ल्यूडी’ हे त्याचंच लघुरूप. साफसफाईला चालेल, कायमचं वंगण म्हणून नाही. खोबरेल तर नकोच, ते चोविसेक अंशांखाली थिजतं आणि नागपूरच्या हिवाळी पहाटे रीळ जड होतं. स्पूलच्या बेअरिंगला हलकं तेल, गिअरला ग्रीस. हँडल उलट फिरू न देणाऱ्या रोलर बेअरिंगमध्ये जाड ग्रीस भरलं की रोलर पकडत नाहीत आणि हँडल मागे सटकतं. मग लोक तो भागच खराब ठरवतात, खरं तर तो धुवायला हवा असतो.

सिरॅमिक बेअरिंग गंजत नाही, असंही सांगतात. गोळ्या सिरॅमिकच्या असतात, कडी बहुधा पोलादाचीच, आणि ती गंजते. शिवाय ब्रेक न जुळवता वेगवान बेअरिंग घातलं तर दोऱ्याचा गुंता वाढतोच.

सुटे भाग अंदाजाने घेऊ नका. बेअरिंग मापाने मिळतं, उदाहरणार्थ अँबॅसडर 5000 आणि 6000 च्या अनेक रिळांत स्पूलला 3 × 10 × 4 मिलिमीटरचं लागतं. पॉल, स्प्रिंग, क्लचचे तुकडे मात्र रिळावर कोरलेल्या मॉडेल क्रमांकानेच मागवा. उघडताना पांढरं फडकं अंथरा, प्रत्येक पायरीचा फोटो काढा, आणि ई-क्लिप, म्हणजे E आकाराची छोटी अडकण, पारदर्शक पिशवीत हात घालून काढा, ती उडून गेली की सापडत नाही.

पुढच्या हंगामाआधी आपल्या मॉडेलचा एक पॉल आणि एक स्प्रिंग जास्तीची मागवून सामानाच्या डब्यात ठेवा.