खलाशीच का, कप्तान का नाही?

फैजपूर, यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्यात भल्या पहाटे बाहेर पडा. रस्त्याच्या कडेने धावणारी आपली पोरं दिसतील. कुणी पोलीस भरतीसाठी, तर कुणी अग्निवीर होण्यासाठी घाम गाळतो. त्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण यातले किती जण म्हणतात, की मला युद्धनौकेवर अधिकारी व्हायचे आहे?

लष्कराशी आपले नाते जुने आहे. 1 जानेवारी 1818 चे भीमा कोरेगाव आपल्याला पाठ आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करातच होते. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज करकरून सरकारला जाब विचारला. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. पण हे सारे नाते जमिनीवरच्या फौजेशी. समुद्राकडे आपण पाहिलेच नाही.

खरे तर समुद्र आपल्याला परका नाही. धर्मशास्त्राने समुद्रगमन निषिद्ध ठरवले होते, तरी 1913 साली बाबासाहेब समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला शिकायला गेले. 1917 साली ते परतले तेव्हा त्यांची ग्रंथसंपदा घेऊन येणारे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. समुद्रावर कुणाची सत्ता आहे, याची किंमत ज्ञानालाही मोजावी लागते ती अशी!

जहाजावर हुद्द्याला काय अर्थ असतो, हे फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईने पाहिले. 'तलवार' या नौदल केंद्रावरील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध बंड पुकारले. आज गोरे अधिकारी नाहीत, पण हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा हा फरक आहेच. 2022 च्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची आणि त्यातून कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणून आम्ही म्हणतो, भरतीची तयारी जरूर करा, पण नजर कमिशनवर ठेवा.

वाट काय? बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. वय साडेसोळा ते साडेएकोणीस असताना लोकसेवा आयोगाची एनडीए परीक्षा द्यायची. ती वर्षातून दोनदा होते. लेखी 900 गुणांची आणि मुलाखत मंडळाचे तितकेच गुण. निवड झाल्यावर तीन वर्षे खडकवासला, मग केरळातील एझिमला येथील नौदल अकादमी. प्रशिक्षणाचा खर्च सरकार करते. दहावीनंतर दोन वर्षे याचीच तयारी करून घेणारी राज्य शासनाची संस्था 1977 पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. वय निघून गेले असेल तरी अभियंत्यांना अल्पसेवा कमिशनचा दरवाजा उघडा असतो. फैजपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

कायद्याचा माणूस म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सैन्यदलाच्या अधिकारी भरतीत जातीनिहाय आरक्षण नाही. एनडीएच्या परीक्षेत अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना शुल्क माफ आहे, पण गुणांत सवलत नाही. म्हणजे तयारी आठवी-नववीपासूनच हवी. गणित आणि इंग्रजी कच्चे राहिले तर घोषणा कामाला येत नाहीत. आणि डोळे आधीच तपासून घ्या. रंग नीट ओळखता येत नसतील तर नौकेवरची वाट बंद होते.

मुलींसाठी तर न्यायालयानेच दरवाजा उघडला. स्त्रियांना समुद्रावरची कामे झेपणार नाहीत, हा सरकारी युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये फेटाळून नौदलातील महिला अधिकाऱ्यांचा स्थायी कमिशनचा हक्क मान्य केला. 2021 मध्ये एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली आणि मे 2025 मध्ये 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. 2023 मध्ये मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी 'त्रिंकट' या युद्धनौकेच्या कप्तान झाल्या. आपल्या लेकींनी मागे का राहावे?

आपल्या विहारांत जयंतीचा हिशेब चोख असतो. त्याच विहारात रोज संध्याकाळी दोन तास गणित आणि इंग्रजी शिकवायला काय हरकत आहे? शाळांतील शिक्षक, रेल्वे आणि आयुध निर्माणीतील कर्मचारी आपल्यातच आहेत. त्यांनी प्रत्येकी दोन मुले दत्तक घ्यावीत.

शासनकर्ती जमात व्हा, असे बाबासाहेबांनी सांगितले. युद्धनौकेचा कप्तान हेही शासनाचेच एक आसन आहे. तापीकाठच्या पोरांनी त्यावर हक्क सांगायला हवा.

जयभीम!