सांताक्लॉजचा फोन

मुलांनो, २५ डिसेंबरला नाताळ असतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडे ख्रिस्ती लोकांची वस्ती बरीच आहे. तिकडे हा सण थाटात होतो. म्हसावदच्या मुलांनीही लाल अंगरख्याचा, पांढऱ्या दाढीचा सांताक्लॉज निदान चित्रात तरी पाहिलेला असतो.

हा सांताक्लॉज आला कोठून? सुमारे सतराशे वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावी निकोलस नावाचे बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, होऊन गेले. रात्री गुपचूप जाऊन ते गरिबांच्या घरात पैसे टाकून येत, अशी कथा आहे. त्यांच्याच नावाचे रूप बदलत बदलत 'सांताक्लॉज' झाले. नाताळच्या रात्री तो घरोघर खेळणी ठेवून जातो, असे लहान मुले मानतात.

या सांताक्लॉजला फोन करण्याची हकीकत मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात १९५५ साली नाताळाआधी सीअर्स या दुकानाने जाहिरात दिली, की मुलांनी सांताक्लॉजला फोन करावा. पण एक फोन भलतीकडेच लागला. जाहिरातीतच आकडा चुकला होता, असे काही जण सांगतात. फोन करताना मुलाने आकडे उलटसुलट केले, असे दुसरे म्हणतात. लागला तो थेट लष्कराच्या हवाई संरक्षण केंद्रात! शत्रूची विमाने येतात का, यावर तेथे रात्रंदिवस पहारा असे.

फोन कर्नल हॅरी शूप यांनी उचलला. पलीकडून एक मूल सांताक्लॉजची चौकशी करत होते. कर्नलसाहेबांना वाटले, कोणी थट्टा करत आहे. त्यांचा आवाज चढला आणि मूल रडू लागले. तेव्हा ते वरमले आणि स्वतःच सांताक्लॉज होऊन बोलू लागले, असे त्यांच्या मुलांनी पुढे सांगितले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, 'सांताक्लॉजच्या गाडीवर आमची नजर आहे' असे त्या केंद्राने जाहीरही केले!

अमेरिका व कॅनडा यांची 'नोराड' ही संयुक्त हवाई संरक्षण संस्था १९५८ साली निघाली. तिने ही प्रथा आजपर्यंत चालू ठेवली आहे. दर २४ डिसेंबरला हजाराहून अधिक स्वयंसेवक फोनपाशी बसतात. कोणी सैनिक, कोणी त्यांच्या घरचे, कोणी गावातले. कोणालाही पगार नाही. दिवसभरात लाखाहून अधिक फोन येतात. आपल्याकडे सायंकाळचे साडेसहा वाजतात, तेव्हा तेथे त्याच दिवशीचे सकाळचे सहा वाजलेले असतात.

स्वयंसेवक सहसा स्वतः सांताक्लॉज होत नाहीत. तो आता कोणत्या देशावर आहे, एवढेच ते सांगतात. 'आमच्याकडे केव्हा येणार?' हा नेहमीचा प्रश्न. उत्तर ठरलेले: मुले झोपल्याशिवाय तो येत नाही. हे उत्तर आईवडिलांना फार आवडत असावे!

पण फोन करणारे प्रत्येक मूल आनंदात असतेच असे नाही. आपल्या मुंबईत १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया यांनी १०९८ हा मोफत फोन सुरू केला, तो संकटातल्या मुलांसाठीच. रस्त्यावरच्या मुलांना सहज आठवावा म्हणून तो 'दस-नौ-आठ' असा म्हणतात. आज तो देशभर चालतो.

सांताक्लॉजच्या फोनवरही एकदा असेच घडले. १४ डिसेंबर २०१२ रोजी अमेरिकेतील न्यूटाउन गावी एका शाळेत गोळीबार झाला. २० लहान मुले आणि शाळेतील ६ मोठी माणसे मारली गेली. दहा दिवसांनी नोराडचा एक फोन वाजला. उचलणारी स्वयंसेविका अवघी १३ वर्षांची होती, म्हणजे तुमच्याच वयाची. पलीकडचे मूल न्यूटाउनचे होते. ज्या घरांतली मुले गेली त्या घरी आपल्याला भेटी नेऊन द्यायच्या आहेत. सांताक्लॉज थोड्या जास्त भेटी आणील का, असे ते विचारत होते.

या प्रश्नाचे उत्तर कोणी तिला शिकवलेले नव्हते. ती क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, की सांताक्लॉजशी बोलणे झाले तर हा निरोप त्याच्यापर्यंत पोचवण्याचा ती प्रयत्न करील.