सोनोग्राफी बोटांचीही असते

कोल्हापुरात सोनोग्राफी म्हटलं की आधी गरोदर बाई आठवते, आणि लगेच गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा. त्याला कारण आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसले. त्यामुळे आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णाला कुणी हातांची सोनोग्राफी लिहून दिली, की घरातले चक्रावतात.

गैरसमज: सोनोग्राफी पोटाचीच असते.
सांध्यांसाठी जास्त कंपनसंख्येचा, साधारण १० मेगाहर्ट्झच्या पुढचा प्रोब वापरतात. तो खोलवर पाहत नाही, पण कातडीखालचं बारीक दाखवतो: सुजून जाड झालेलं सांध्याचं अस्तर, साठलेलं पाणी, स्नायुबंधाभोवतीची सूज. डॉपलर लावला की त्या अस्तरात वाढलेला रक्तप्रवाहही दिसतो. यात क्ष-किरण नसतात. यंत्राची नोंदणी कायद्याने लागते. त्याच कायद्यातला ‘एफ’ फॉर्म मात्र गरोदर स्त्रीच्या तपासणीसाठी असतो.

गैरसमज: हाताला सूज लागली नाही, म्हणजे रोग शांत आहे.
आमवाताचा जोर मोजताना डॉक्टर सहसा २८ सांधे तपासतात: खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे, गुडघे. अंगठ्याने दाबायचं, स्वतःचं नख पांढुरकं होईल इतकंच. अस्तराची सूज मऊ लागते, झिजेने वाढलेलं हाड टणक. पण जाड बोटांत किंवा खोल खांद्यात हा फरक निसटतो. कधी सूज असते स्नायुबंधाच्या आवरणात आणि वाटते सांध्यात. कधी दुखतं खूप, पण दाह नसतोच. तिथे औषध वाढवून उपयोग नाही. पावलं तर त्या २८ मध्ये धरलेलीच नाहीत.

माझ्या मते सोनोग्राफीचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. डॉक्टरने आधी सांधा चाचपून आपलं मत लिहावं आणि त्याच बैठकीत प्रोब ठेवून पाहावं. बोटाखाली जे मऊ लागलं ते पाणी होतं, अस्तर होतं की नुसती चरबी, हे तिथल्या तिथे कळतं. अशी पडताळणी होत राहिली की हात तयार होतो, आणि जिथे यंत्र नाही अशा तालुक्याच्या दवाखान्यातही तो हात कामाला येतो.

गैरसमज: मग हाताने तपासायची गरजच काय?
गरज आहे. नॉर्वेतल्या ‘आर्क्टिक’ चाचणीत २३८ रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार सोनोग्राफी पाहून ठरवले, बाकीच्यांचे नेहमीच्या तपासणीवरून. दोन वर्षांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. २०१६ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेमाने, काटेकोर तपासणी झाली तर हात पुष्कळ सांगतो. यंत्रही चुकतं. प्रोब जरा जोरात दाबला तर बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि डॉपलरवर दाह नाहीसा दिसतो.

गैरसमज: एक्स-रे चांगला आला, म्हणजे आमवात नाही.
एक्स-रेवर हाडाची खाच दिसते ती उशिरा. इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉक्टरांनी २००० साली १०० रुग्णांची बोटं दोन्ही पद्धतींनी पाहिली. एक्स-रेवर १७ जणांत ३२ खाचा दिसल्या, सोनोग्राफीत ५६ जणांत १२७.

गैरसमज: हे म्हातारपणाचं दुखणं आहे.
आमवात तिशी-चाळिशीतही सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पाहणीत प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळलं. पहाटे म्हशीची धार काढताना मूठ वळत नाही, बोटं सैल व्हायला तासभर जातो आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, तर बाम चोळत बसू नये, संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. जाताना अंगठ्या काढून ठेवाव्यात, पावलंही आपणहून दाखवावीत. वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तेही सांगावं, कारण तिच्यामुळे डॉपलरवरचा दाह कमी दिसू शकतो.