बारा टाइल्सचे एक चित्र

एका चित्राचे तुकडे अनेक टाइल्सवर पाडायचे आणि भिंतीवर ते पुन्हा जुळवायचे, ही कला जुनी आहे. कतारमधल्या दोह्याच्या कॉर्निश या किनारी रस्त्यालगत, आय. एम. पेई यांनी आखलेल्या आणि २००८ साली उघडलेल्या इस्लामी कला संग्रहालयात काशान आणि इझनिक या प्रसिद्ध केंद्रांची सिरॅमिक कला पाहता येते. काशानच्या कारागिरांनी तेराव्या शतकात चांदी आणि तांब्याच्या क्षारांनी टाइल्स रंगवल्या आणि धुरकट भट्टीत पुन्हा भाजून त्यांना सोनेरी झळाळी दिली. मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण पणजीतले आहे. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या अझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइल्सच्या, भिंतींवर कामोंइश या पोर्तुगीज कवीच्या महाकाव्यातील प्रसंग टाइल टाइल जोडून उभे केले आहेत. तिथे एकेका टाइलवर एखादा हात किंवा शिडाचा कोपराच दिसतो; चित्र दिसते ते चार पावले मागे गेल्यावर.

घरी भट्टी नसते. म्हणून घरगुती प्रकारात छापलेला फोटो टाइलवर चिकटवून त्यावर पारदर्शक वॉर्निशचा थर देतात. असे चित्र मोरीत किंवा शेगडीमागे टिकत नाही, पण बैठकीच्या खोलीत वर्षानुवर्षे राहते. दोह्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना ते सोयीचे पडते, कारण फ्रेमसकट उतरवून दुसऱ्या घरी नेता येते.

सुरुवात मापापासून करावी. मोबाइलचे फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतात. उभ्या फोटोसाठी १० सेंटिमीटरच्या बारा चौकोनी टाइल्स, तीन टाइल्स रुंद आणि चार टाइल्स उंच, बरोबर बसतात. बारा मेगापिक्सेलचा मूळ फोटो या आकाराला स्वच्छ छापला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मात्र दाबून लहान झालेला असतो. तो एवढा मोठा केला की चेहरे पुसट होतात. मूळ फाइलच मागवावी.

कोणता फोटो निवडावा, याचे उत्तर टाइल्समधल्या फटीच देतात. कतारमधल्या अल झुबारा किल्ल्याच्या सरळ मातकट भिंती किंवा कॉर्निशसमोर नांगरलेल्या लाकडी धाऊ नावा फटींनी बिघडत नाहीत. क्षितिजाची रेघ मात्र फटीवर येऊ देऊ नये, नाहीतर ती फटीतच नाहीशी होते. कुटुंबाच्या फोटोत डोळ्यांवरून फट गेली तर सगळे काम वाया जाते. छापण्यापूर्वी फोटोवर रेघा आखून तो थोडा सरकवून पाहिला की हे टळते.

खरी मेख इथेच आहे. टाइल्समध्ये २ मिलिमीटर फट ठेवायची असेल तर फोटोतूनही तेवढी पट्टी वगळावी लागते. फोटो सलग कापून तुकडे दूर दूर लावले, तर प्रत्येक तिरकी रेघ फटीपाशी एक पायरी चढते आणि डोळ्याला खटकते. म्हणून बारा टाइल्स आणि त्यांमधल्या फटी धरून चित्र ३०.४ बाय ४०.६ सेंटिमीटर छापावे, त्यावर टाइल्स आणि फटी आखाव्यात आणि फटीच्या पट्ट्या कापून टाकाव्यात. दुकानात १० सेंटिमीटर म्हणून मिळणारी टाइल प्रत्यक्षात थोडी लहानमोठी असू शकते. आधी पट्टीने मोजून मगच हिशेब करावा. प्रत्येक तुकड्याच्या कडा आणखी १ मिलिमीटर आत कापल्या की वॉर्निश कागदाच्या कडेवरून टाइलवर उतरते आणि कड बंद होते.

छपाई लेझर प्रिंटरवर, साध्या पातळ कागदावर करून घ्यावी. लेझरची शाई म्हणजे उष्णतेने वितळवून कागदावर बसवलेली प्लास्टिकची भुकटी. ओल्या गोंदाने ती पसरत नाही. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते आणि गोंद लागताच फुटते. टाइलवरचा बोटांचा तेलकटपणा स्पिरिटने पुसून काढावा. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद थोडा पातळ करून टाइलवर सारखा लावावा, कागद ठेवावा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने मधून बाहेर हवा काढावी. गोंद पूर्ण वाळल्यावर ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन-तीन पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर वाळू द्यावा. घाईने दिलेला एक जाड थर कधीच नितळ दिसत नाही.

कतारची हवा या टप्प्यावर आडवी येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोह्यात उकाड्याइतकाच दमटपणाही असतो, आणि दमट हवेत फवारलेले वॉर्निश दुधाळ होते. स्प्रे गच्चीतच मारायचा असेल तर तो हिवाळ्यात मारावा. उन्हाळ्यात ब्रशने लावायचे पाण्याचे वॉर्निश वापरून काम एसीच्या खोलीत उरकावे. तयार टाइल्स उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत.

मागे १२ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड पुरते. त्यावर टाइल्स सिलिकॉनच्या ठिपक्यांनी बसवाव्यात. लाकूड हवेनुसार किंचित फुगते-आकसते आणि लवचीक सिलिकॉन ते सहन करते. फटींत ग्राउट भरू नये, त्यातले पाणी कागदाच्या कडांत शिरते. फ्रेमची खाच किमान २ सेंटिमीटर खोल हवी, काच मात्र लागत नाही. सगळे मिळून वजन सुमारे ३ किलो भरते, त्यामुळे चिकटपट्टीच्या हुकवर भरवसा ठेवू नये. ब्लॉकच्या भिंतीत ड्रिलने भोके पाडून प्लगसह दोन स्क्रू बसवावेत. जिप्समच्या भिंतीला वेगळे, पोकळ भिंतीचे प्लग लागतात. भाड्याच्या घरात भोक पाडण्याआधी घरमालकाला विचारावे, किंवा फ्रेम कपाटावर भिंतीला टेकवून ठेवावी.

कागदाशिवायही हे काम होते. सब्लिमेशन पद्धतीत खास लेप दिलेल्या टाइलवर साधारण २०० अंश सेल्सिअसला हीट प्रेसने चित्र उतरवतात, तेव्हा शाई वायू होऊन लेपात शिरते. त्यासाठी प्रिंटिंगच्या दुकानात जावे लागते. पुसायला हे चित्र कागदापेक्षा सोपे, पण कडक उन्हात त्याचे रंग उडतात. कागदाच्या टाइल्स पुसायला कोरडे मऊ फडके वापरावे.